वर गॅलरीत बसलेला संगीतकार

(गेल्या वर्षीच्या उत्सवात चौथ्या दिवशी, सायंआरतीनंतर झालेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्ते आपल्या मंडळाचे जुने सभासद असून बंगळूरमधल्या एका गायनवृंदात अनेक वर्षं गात आहेत. – संपादक)



सचिवांचा मला फोन आला तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. एक, विषय संगीताचा हवा. दुसरी, माझ्यानंतर मुलांची वेशभूषा स्पर्धा आहे, तेव्हा भाषण लांबवायचं नाही, कारण चिकटवलेल्या दाढीमिशा फार वेळ टिकत नाहीत. दुसरी अट मला एकदम पटली. पहिलीच्या बाबतीत त्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी, की मी भीमसेनजींच्या मैफलींच्या आठवणी सांगेन. त्या तुम्ही माझ्याकडून तीनदा ऐकल्या आहेत. आमच्या सौ. तर म्हणतात, प्रत्येक वेळी पाऊस वाढत जातो. म्हणून आज वेगळ्या माणसाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव विल्यम लेव्ही डॉसन. अमेरिकेतल्या एका शिक्षणसंस्थेत त्याने सुमारे पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांचा गायनवृंद चालवला.

नाव ओळखीचं वाटत नाही ना? पण तो ज्या गावात राहिला, ते गाव तुमच्या ओळखीचं आहे. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' किती जणांनी वाचलंय, जरा हात वर करा. बघा, सगळे हात वर! १९८१ सालापासून मराठी घरांत हे पुस्तक वाढदिवसाला, बक्षिसाला, मुंजीला दिलं जातं. म्हणजे अलाबामा राज्यातलं टस्कीगी तुम्हाला सांगायला नको. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये तिथे कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी संस्था काढली, विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजून इमारती उभ्या केल्या, १८९६ मध्ये कार्व्हर तिथे आले आणि १९४३ मध्ये तिथेच वारले. भुईमूग आणि रताळं आपल्याला पाठ आहे. पण त्याच आवारात, त्याच वर्षांत, संध्याकाळी शंभर मुलंमुली एका खोलीत उभी राहून गात होती, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. मलाही ठाऊक नव्हतं. मला ते कळलं ते फजितीतून. ती आधी सांगतो.

मी १९८७ मध्ये बंगळूरला आलो. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिलेल्या, घरी तंबोरा, दोन नाट्यपदं कुठेही म्हणायची तयारी. इथे आल्यावर एका सहकाऱ्याने मला त्याच्या गायनवृंदात नेलं. तो वृंद चालवणारे कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक होते, मल्याळी गृहस्थ, अत्यंत मृदुभाषी. पहिल्या तालमीत मी मोकळा आवाज लावून गायलो. गाणं थांबवून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "सर, तुमचा आवाज ऐकू येतोय." मला वाटलं कौतुक केलं! मी नम्रपणे मान लववली. सगळा वृंद हसला. शेजारच्याने हळूच सांगितलं, की ही तक्रार आहे.

आपल्याकडे गाणं म्हणजे एकाचं गाणं. बाकीचे साथीला. गायनवृंदात उलटं असतं. चार गट असतात: बायकांचे उंच आवाज म्हणजे सोप्रानो, खालचे आल्टो, पुरुषांचे उंच टेनर, आणि सगळ्यांत तळाशी आम्ही, बास. चारही गट एकाच वेळी वेगवेगळे सूर गातात आणि त्यांची गुंफण म्हणजे ते गाणं. चाल बहुतेक वेळा सोप्रानोंच्या वाट्याला. आम्ही बासवाले आठआठ मात्रा एकाच सुरावर उभे, रेशनच्या रांगेत असल्यासारखे. श्वाससुद्धा एकदम घ्यायचा नाही, शेजाऱ्याचा चालू असताना आपण चोरून घ्यायचा, म्हणजे बाहेर ऐकणाऱ्याला सूर अखंड वाटतो. शब्दाच्या शेवटचा 'स' चाळीस जणांनी एकाच क्षणी म्हणायचा, नाहीतर सभागृहात साप सोडल्यासारखा आवाज होतो. हे सगळं जमवणारा माणूस समोर उभा असतो आणि तो स्वतः एक सूरही काढत नाही. मला पहिले सहा महिने वाटायचं, हा करतो तरी काय? आता वाटतं, वृंदात खरं ऐकणारा तो एकटाच असतो.

त्या वर्षी आम्ही बसवलेलं गाणं होतं 'सून आ विल बी डन'. कागदावर वर लिहिलेलं, स्वररचना विल्यम एल. डॉसन, १९३४. मी मनात म्हटलं, असेल कुठलं तरी चर्चचं गाणं. ते अगदी दबक्या आवाजात सुरू होतं, म्हणजे भिंतीपलीकडे मालक झोपला आहे आणि त्याला जाग येऊ द्यायची नाही, तसं. पण लय मात्र धावणारी. कुजबुजत धावायचं! मग हळूहळू पुरुषांचे आवाज चढतात, आणि शेवटी सगळा वृंद पूर्ण ताकदीने एका सुरसमूहावर येऊन थांबतो. पहिल्यांदा आम्ही ते नीट गायलो त्या रात्री मला झोप आली नाही. अभंगाच्या गजरानंतर होतं तसं झालं होतं. मास्तरांना विचारलं, हा डॉसन कोण? ते म्हणाले, "टस्कीगीचा." मी म्हटलं, "कार्व्हरचं टस्कीगी?" त्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले, कारण त्यांना डॉसन माहीत होता, पण मराठी माणसाला टस्कीगी कसं माहीत, हे कोडं पडलं.

तर डॉसन. जन्म २६ सप्टेंबर १८९९, अलाबामातल्या अ‍ॅनिस्टन गावचा. सात भावंडांत थोरला. तेराव्या वर्षी घरातून पळाला. आपल्याकडे मुलं पळून मुंबईला जायची, हा पळून शाळेत गेला! टस्कीगीत बुकर वॉशिंग्टन तेव्हा हयात होते, ते गेले १९१५ मध्ये. फी भरायला पैसे नव्हते, म्हणून डॉसनने संस्थेच्या शेतकी विभागात अंगमेहनत केली आणि वाद्यवृंदाचे स्वरलेखनाचे कागद सांभाळले. बँड, ऑर्केस्ट्रा, गायनवृंद, सगळीकडे हजर. 'टस्कीगी सिंगर्स' म्हणून संस्थेची एक गाणारी तुकडी गावोगाव फिरायची, तिच्यात तो पाच वर्षं गायला. १९२१ मध्ये बाहेर पडला तेव्हा बहुतेक सगळी वाद्यं त्याला वाजवता येत होती.

ही तुकडी का फिरायची? पैशांसाठी. इथे मला थोडं मागे जायला हवं. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांसाठी ज्या शाळा निघाल्या, त्या सतत कर्जात. १८७१ मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातून नऊ विद्यार्थी गाणी म्हणून निधी जमवायला निघाले. सुरुवातीला ते गोऱ्या श्रोत्यांना आवडतील अशी त्या काळची गाणी म्हणत. आपल्या आईबापांची, गुलामीतली गाणी लोकांसमोर म्हणायला त्यांना संकोच वाटायचा, ती घरातली गोष्ट होती. पण श्रोते थांबले ते त्याच गाण्यांना. १८७३ मध्ये ही मुलं इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर गायली. आता गंमत बघा, त्याच १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अमेरिकेतली गुलामी नाहीशी करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केलं. एकमेकांची खबर नसलेली ही दोन कामं एकाच वर्षातली आहेत.

त्या गाण्यांना स्पिरिच्युअल म्हणतात. कुणी रचली, ठाऊक नाही. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखीच ती, पिढ्यान् पिढ्या तोंडोतोंडी आलेली. बायबलातली नावं घ्यायची आणि आपली गोष्ट सांगायची. मोझेस इजिप्तमधून आपली माणसं सोडवून नेतो, हे ऐकताना शेतात राबणाऱ्याला इजिप्त कुठलं आणि फॅरो कोण, हे समजावून सांगावं लागत नव्हतं. डॉसन स्वतः या गाण्यांना लोकगीतंच म्हणणं पसंत करत. मला ते पटतं. नुसतं 'भक्तिगीत' म्हटलं, की त्यातला अर्धा राग आपण बाहेर ठेवतो.

शिक्षण संपल्यावर डॉसन कॅन्सस राज्यातल्या टोपीकाला आणि मग कॅन्सस सिटीला शिक्षक झाले. (इथून पुढे मी त्यांना अहोजाहो करतो, आता ते मास्तर झाले.) दिवसा शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात हॉर्नर इन्स्टिट्यूटमध्ये संगीताची पदवी करायची. गोऱ्या विद्यार्थ्यांबरोबर वर्गात बसण्याची मुभा नव्हती, शिकवणी वेगळी. १९२५ मध्ये पदवी मिळाली, मानाने मिळाली. पदवीदान समारंभात त्यांनी लिहिलेली व्हायोलिन, चेलो आणि पियानोसाठीची रचना वाजवली गेली. लोकांनी टाळ्यांचा गजर केला. संगीतकार सभागृहातच होता, पण वर, कृष्णवर्णीयांसाठी ठेवलेल्या गॅलरीत. त्याला मंचावर येऊन त्या टाळ्या स्वीकारू दिल्या नाहीत.

हे मी प्रथम वाचलं तेव्हा मला अमेरिकेचा राग आला, जो येणं सोपं असतं. दोन-तीन दिवसांनी मला वेगळंच काहीतरी आठवलं आणि तेव्हापासून ते जात नाही. ते आज इथे सांगायचं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला.

बंगळूरला येण्यापूर्वी मी एका दुसऱ्या शहरात, आपल्यासारख्याच एका मंडळात होतो. तिथे समूहगायन बसवण्याचं काम माझ्याकडे असायचं. एका वर्षी तालमींना ढोलकी वाजवायला कुणी नव्हतं. आमच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणारा एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता, तो म्हणाला, मी वाजवू का? वाजवली, आणि अशी वाजवली, की गाण्याचं रूपच बदललं. मधला ठेका त्याचाच, मी फक्त मान डोलावली. महिनाभर तो रोज भांडी आटोपून, हात पुसत तालमीला यायचा. कार्यक्रमाच्या दिवशी एक हौशी सभासद बाहेरगावाहून आले. त्यांना ढोलकी येत होती, झब्बा होता. ठेका त्यांना त्या मुलानेच दुपारी शिकवला. संध्याकाळी ते मंचावर बसले. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. मग फोटो काढला. तो फोटो माझ्याकडे अजून आहे. मंचावर आम्ही अठरा जण आहोत, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, माइकच्या वायरींच्या वेटोळ्याजवळ, तो उभा आहे. तो हसतोय. त्याला वर बोलव, असं मला कुणी म्हटलं नाही, तसंच नको बोलावू असंही कुणी म्हटलं नाही. नियम नव्हता, पाटी नव्हती. मला सुचलंच नाही. कॅन्सस सिटीत निदान नियम तरी होता.

असो. पुढे जाऊ.

पदवीनंतर डॉसन शिकागोला गेले. तिथे १९२७ मध्ये संगीतात एम.ए.च्या तोडीची पदवी घेतली आणि शिकागोच्या सिव्हिक ऑर्केस्ट्रामध्ये पहिले ट्रॉम्बोनवादक झाले. ट्रॉम्बोन म्हणजे ते पुढेमागे सरकवायचं पितळी वाद्य. त्या सगळ्या ऑर्केस्ट्रात कृष्णवर्णीय ते एकटेच. त्याच वर्षी लग्न झालं आणि वर्षभरात पत्नी गेली, ती स्वतः पियानोवादक होती. रचनांना बक्षिसं मिळू लागली होती, शिकागोसारखं शहर होतं, पुढचा रस्ता दिसत होता. आणि १९३१ मध्ये हा माणूस सगळं आवरून अलाबामाला परत आला, टस्कीगीच्या संगीतविभागाचा प्रमुख म्हणून.

आपल्यातल्या कितीजणांनी परत जाण्याचा विचार केला आणि किती जण गेले? मी गेलो नाही, म्हणून विचारतो. अलाबामात वेगळी बस, वेगळा नळ, वेगळं दार, हे सगळं होतं. तिथून पळालेला मुलगा तिथेच परत आला.

तिथे त्यांना मिळाले विद्यार्थी. त्यांतले बरेचसे शेतमजुरांच्या घरचे, कुणी शिवणकाम शिकणारे, कुणी गवंडीकाम, कुणी शेतकी, कुणी नर्सिंग. संगीताचे म्हणावेत असे थोडेच. त्यांतून त्यांनी शंभराचा वृंद उभा केला. आणि पुढच्याच वर्षी, २७ डिसेंबर १९३२ ला, न्यूयॉर्कमध्ये रेडिओ सिटी म्युझिक हॉल या जगड्व्याळ नाट्यगृहाचं उद्घाटन झालं, त्यात हा वृंद गायला. त्या रात्रीचा कार्यक्रम इतका लांबला, की मध्यरात्र उलटून गेली आणि अर्धे प्रेक्षक उठून गेले म्हणतात. (सचिवसाहेब, मी घड्याळ बघतोय!) महामंदीचे दिवस होते, संस्थेला पैशाची निकड होती. मग कार्नेगी हॉल, व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्यासमोर गाणं, पुढे रेडिओवर देशभर. रेडिओवर रंग दिसत नाही. ज्या घरांत ही मुलं पुढच्या दाराने आत येऊ शकली नसती, त्या घरांच्या दिवाणखान्यांत त्यांचे आवाज गेले.

त्यांच्या स्वररचनांबद्दल थोडं सांगतो, कारण माणूस शेवटी तिथेच भेटतो. १९४२ मधली 'इझिकिएल सॉ द व्हील' घ्या. आकाशात फिरणाऱ्या चाकाचं दर्शन झालं, एवढीच गोष्ट. पण शेवटी शेवटी पुरुषांचे आवाज शब्द सोडून देतात आणि नुसत्या निरर्थक अक्षरांवर फिरू लागतात, आपल्या तराण्यासारखे. एका गटाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने त्याच्या आतलं लहान चाक, तिसऱ्याने वरून चाल टाकायची. कुठेही वाद्य नाही. गाताना एकाचा ठेका सुटला तर सगळी गाडी खड्ड्यात. आम्ही ते बसवायला चार महिने घेतले आणि पहिल्या कार्यक्रमात गाडी खड्ड्यात गेलीच. कोणत्या गटामुळे, ते विचारू नका, तो खालचा गट होता.

दुसरी गोष्ट उच्चारांची. मूळ गाणाऱ्यांच्या बोलीत शब्द जसे होते तसेच त्यांनी ठेवले, शुद्ध इंग्रजी केलं नाही. बहिणाबाईंची कविता कुणी प्रमाणभाषेत 'सुधारून' आणली तर आपल्याला कसं वाटेल? तसंच ते. पण बोली म्हणजे ढिलाई नव्हे. त्या बोलीतला प्रत्येक स्वर शंभर तोंडांतून एकाच आकाराचा यायला हवा. गोऱ्या लोकांच्या करमणुकीच्या रंगमंचावर तोंडाला काजळी फासून याच बोलीची टिंगल करणारे खेळ तेव्हा चालत. त्याच बोलीला त्यांनी कार्नेगी हॉलमध्ये उभं केलं, आणि लोकांना हसायला जागा ठेवली नाही.

आणि आता त्यांच्या आयुष्यातली जी गोष्ट मला सर्वांत जास्त छळते, ती. टस्कीगीला असतानाच त्यांनी एक सिंफनी पुरी केली, 'निग्रो फोक सिंफनी'. नोव्हेंबर १९३४ मध्ये लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी ती फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राकडून प्रथम वाजवून घेतली. त्या काळातला अमेरिकेतला पहिल्या रांगेतला ऑर्केस्ट्रा. सिंफनीचे भाग संपेपर्यंत टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा तिथला शिष्टाचार आहे. पण दुसऱ्या भागानंतर श्रोत्यांना राहवलं नाही, टाळ्या पडल्याच. त्या भागाचं नाव 'होप इन द नाइट', रात्रीतली आशा. न्यूयॉर्कला कार्नेगी हॉलमध्येही ती वाजली, रेडिओवरून देशभर गेली. हे ऐकताक्षणी कळावं, की हे एखाद्या गोऱ्याने लिहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. या वेळी संगीतकाराला मंचावर बोलावलं गेलं. नऊ वर्षांपूर्वीच्या टाळ्या त्यांना मिळाल्या, असं आपण म्हणू.

आणि नंतर? शांतता. काही वर्षांतच ती सिंफनी जवळजवळ विसरली गेली. मोठ्या ऑर्केस्ट्रांनी उचलली नाही. १९५२ च्या सुमारास डॉसन पश्चिम आफ्रिकेत जाऊन आले, तिथली तालवाद्यं ऐकली आणि परत येऊन तिच्यात फेरफार केले. १९६३ मध्ये स्टोकोव्स्कींनीच तिचं ध्वनिमुद्रण केलं. पण दुसरी सिंफनी डॉसननी लिहिली नाही. कधीच नाही.

का? एक उत्तर असं देतात, की वृंदाने त्यांना खाल्लं. रोजच्या तालमी, दौरे, रात्री कुठे उतरायचं याची चिंता, कारण शंभर कृष्णवर्णीय मुलांना जागा देणारं हॉटेल मिळणं तेव्हा सोपं नव्हतं, प्रशासन, पैसे. दरवर्षी तयार झालेले आवाज पदवी घेऊन निघून जाणार आणि सप्टेंबरात पुन्हा नवे कच्चे आवाज समोर. विद्यापीठातल्या वृंदाचा हाच शाप आहे. पंचवीस वर्षं पहिल्या इयत्तेपासून! ज्याच्या हातून पाच सिंफन्या झाल्या असत्या, त्याने मुलांना श्वास कुठे घ्यायचा हे शिकवण्यात आयुष्य घालवलं, असं मीही एके काळी म्हणायचो.

आता तसं छातीठोकपणे म्हणवत नाही. १९३३ मध्ये एक गरीब मुलगा मालगाडीतून लपतछपत प्रवास करून टस्कीगीला पोचला, ट्रम्पेट शिकायला, डॉसन तिथे आहेत म्हणून. त्याचं नाव राल्फ एलिसन. तो संगीतकार झाला नाही, पण १९५२ मध्ये त्याची 'इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी आली, जी आज अमेरिकन साहित्यात अभिजात मानतात. अदृश्य माणूस! हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माइकच्या वायरी दिसल्या. डॉसनचा एलिसनवर किती परिणाम झाला हे मोजायचं कसं? आणि बाकीच्या शेकडो मुलांवर? सिंफनी मोजता येते, ती एक आहे. पण वृंदात घडलेली माणसं मोजणार कशी? हा हिशेब मला जमलेला नाही.

एक हिशेब मात्र सरळ आहे. वॉशिंग्टनमधल्या कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या मालकीण संस्थेने १९३९ मध्ये मारियन अँडरसन या थोर गायिकेला तिथे गाऊ दिलं नाही, रंगामुळे. त्या वर्षी ९ एप्रिलला ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून गायली, समोर ७५,००० माणसं. पुढे १९४३ मध्ये तिला तिथे गायला मिळालं, पण दार सगळ्यांसाठी उघडलं असं नव्हतं. १९४६ मध्ये टस्कीगीचा वृंद त्या सभागृहात गायला. एखादी जगप्रसिद्ध गायिका अपवाद म्हणून चालते हो, तिला आत घेऊन मालक उदार ठरतात. पण शेतमजुरांची, शिंप्यांची, गवंड्यांची शंभर मुलं एकदम आत आली, की त्याला अपवाद म्हणता येत नाही. वृंदाचं हे बळ मला फार उशिरा कळलं. तिथे एकाचा आवाज ऐकू येत नाही, हा दोष नसतो.

१९५५ मध्ये डॉसन निवृत्त झाले. जाता जाता वृंदाचं एक ध्वनिमुद्रण झालं, ते आजही मिळतं. दुसऱ्या वर्षी अमेरिकन सरकारने त्यांना स्पेनला पाठवलं, तिथल्या वृंदांना ही गाणी शिकवायला. ज्यांना स्वतःच्या राज्यात बसमध्ये मागे बसावं लागत होतं, ते परदेशात देशाचे सांस्कृतिक दूत! १९५७ मध्ये टस्कीगीचं जुनं चॅपल वीज पडून जळालं. त्या चॅपलच्या रंगीत काचांवर या गाण्यांचीच चित्रं काढलेली होती, त्यांना गाणाऱ्या खिडक्या म्हणत. खिडक्याही गेल्या. १९६९ मध्ये नवं चॅपल उभं राहिलं तेव्हा जुन्या नमुन्यावरून त्या खिडक्या पुन्हा करून बसवल्या. डॉसन मात्र तिथेच राहिले, पुढची पस्तीस वर्षं, पाहुणे मार्गदर्शक म्हणून देशभरच्या वृंदांकडे जात. २ मे १९९० रोजी, नव्वदाव्या वर्षी ते गेले. टस्कीगीच्याच आवारात त्यांना पुरलं आहे. वॉशिंग्टन तिथेच, कार्व्हर तिथेच.

सिंफनीचं म्हणाल, तर १९९० नंतर ती हळूहळू पुन्हा वाजू लागली. डेट्रॉइटच्या ऑर्केस्ट्राने ती ध्वनिमुद्रित केली, आणि ज्या फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने ती पहिल्यांदा वाजवली होती, त्यानेच २०२३ मध्ये तिची ध्वनिमुद्रिका काढली. मधे जवळजवळ नव्वद वर्षं गेली.

आता शेवटचं, आणि हे कार्यकारिणीला उद्देशून आहे. उद्या संध्याकाळच्या समूहगायनाला तबल्यावर जो मुलगा आहे, तो आपल्या मांडववाल्यांकडे काम करतो, हे तुम्हाला माहीत आहे. तो कन्नड आहे, त्याला मराठी शब्द कळत नाहीत, पण 'सुखकर्ता'चा ठेका तो गेले तीन दिवस माझ्यापेक्षा बरा धरतोय. त्याच्यासाठी झब्बा शिवायला टाकला आहे, मापं घेतली आहेत, पैसे मी देतोय, वर्गणीतून नको. त्याला आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे, की फोटोच्या वेळी मांडवाच्या दोऱ्या बघायला खाली पळायचं नाही. फोटोग्राफरलाही सांगितलंय.

मुलांच्या दाढ्या सुटायला लागलेल्या दिसतायत, तेव्हा मी थांबतो. आता तुम्हाला १९५५ सालच्या त्या मुद्रणातलं एक गाणं ऐकवतो. साडेतीन-चार मिनिटांचं आहे. गाणारी सगळी विद्यार्थी मुलं आहेत. कुणाचा आवाज वेगळा ऐकू येतोय का, तेवढं बघा. जोशीसाहेब, लावा.

(यानंतर ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले. वेशभूषा स्पर्धा पंचवीस मिनिटे उशिरा सुरू झाली. – संपादक)